दुसरी पाटी

मनुष्याला एखादी वस्तू घ्यावीशी वाटली, की तिची गरज शोधून काढण्याचे काम त्याची बुद्धी किती तत्परतेने करू लागते, हे पाहण्यासारखे असते. मोह आधी होतो, आणि गरज मागाहून, वकिलाने पढवून आणलेल्या साक्षीदारासारखी, पिंजऱ्यात उभी केली जाते. मी न्यायशास्त्राचा नव्हे, इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक आहे. तरीही गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या मनाने जो बिनतोड युक्तिवाद रचला, तो ऐकून एखाद्या मुरलेल्या नैयायिकानेही मान डोलावली असती. विषय होता टॅब्लेटचा. माझ्याजवळ लॅपटॉप आहे. चार वर्षांचा असला तरी चांगला धडधाकट आहे. मग त्याच्या जोडीला टॅब्लेट घ्यावा की घेऊ नये, हा तो प्रश्न.

माझ्या पत्नीने तो एका वाक्यात निकालात काढला. ती म्हणाली, “अहो, मांडीवर घ्यायला एक यंत्र आहे, खिशात घालायला दुसरं आहे. आता हे तिसरं ठेवणार कुठं?”

तिला कल्पना नव्हती. पण हाच प्रश्न 27 जानेवारी 2010 रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी आयपॅड जगापुढे ठेवताना स्वतःच विचारला होता. फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तिसऱ्या यंत्राला जागा आहे काय? असेल, तर निदान काही महत्त्वाची कामे त्याला या दोघांपेक्षा पुष्कळच चांगली करता आली पाहिजेत, अशी कसोटीही त्यांनी तेव्हाच सांगून टाकली. कसोटी रास्त होती. फरक इतकाच, की त्यांना तिचे उत्तर ‘होय’ असे यायला हवे होते आणि आमच्या घरात ते ‘नाही’ असे यायला हवे होते.

टॅब्लेट म्हणजे मुळात लहान पाटी. पाच हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियातले कारकून ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने धान्याचे हिशेब कोरीत. आमच्या पिढीने लाकडी चौकटीच्या दगडी पाटीवर मुळाक्षरे गिरवली आणि पंतोजींची नजर चुकवून ती थुंकीने पुसली. 1972 साली ॲलन के या अमेरिकन संशोधकाने वहीएवढ्या, हातात धरता येणाऱ्या संगणकाची कल्पना मांडली, तीदेखील मुलांच्या शिक्षणाचा विचार करूनच. आपल्याकडे 5 ऑक्टोबर 2011 रोजी ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट विद्यार्थ्यांसाठी म्हणून दिल्लीत मोठ्या थाटात बाहेर आला आणि काही वर्षांतच लोकांच्या विस्मरणात गेला. हे सारे मी पत्नीला सांगितले. इतिहासाने ती विरघळेल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, “म्हणजे पन्नाशी उलटल्यावर पुन्हा पाटीच घ्यायची म्हणा की!”

असो. अशा वेळी शहाण्या माणसाने वाद न घालता प्रयोग करावा. आमच्या महाविद्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने त्याचा टॅब्लेट पंधरा दिवसांसाठी आनंदाने माझ्या हवाली केला. मी एका वहीत तीन गरजा लिहून काढल्या आणि प्रत्येकीपुढे रोजचा अनुभव टिपून ठेवण्याचे ठरवले. जुनी पुस्तके वाचणे ही पहिली गरज, विद्यार्थ्यांचे निबंध तपासणे ही दुसरी आणि प्रवासात लेखन करणे ही तिसरी.

तिसरी गरज पहिल्याच दिवशी गळाली. काचेवर बोटे आपटून मराठी लिहिणे म्हणजे पाण्यावर रेघा ओढण्यासारखे आहे. लॅपटॉपवर इनस्क्रिप्टची कळफलक-रचना माझ्या बोटांत इतकी मुरली आहे, की ‘ज्ञ’ कुठे आहे हे मला विचारले तर सांगता येणार नाही, पण बोट बरोबर तिथे जाते. काचेला उंचसखलपणा नाही. बोटाला तिथे वाट सापडत नाही. वेगळा कळफलक जोडता येतो, हे खरे. परंतु टॅब्लेट, त्याला कळफलक आणि त्या दोघांना उभे करणारे वेष्टन असा संसार मांडला, की वजन आणि किंमत ही दोन्ही पुन्हा लॅपटॉपच्या घरात जाऊन बसतात.

दुसरी गरज अर्धीमुर्धी टिकली. लेखणीने समासात तांबड्या खुणा करताना जुना मास्तर सुखावतो. मात्र चार निबंध झाले, की शेरे टंकून लिहिणेच लवकर उरकते, हे ध्यानात येते.

पहिली गरज मात्र खरी निघाली, आणि तिचे कारण पट्टी घेऊन मोजता येण्यासारखे आहे. आपली बहुतेक मराठी पुस्तके डेमी अष्टपत्री आकाराची, म्हणजे सुमारे साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असतात. अशा पानाचा कर्ण दहा इंचांहून किंचित अधिक भरतो. दहा-अकरा इंची टॅब्लेट उभा धरला, की छापील पान जवळजवळ मूळ आकारात समोर येते. उलट माझ्या चौदा इंची लॅपटॉपचा पडदा आडवा. त्याची उंची सातही इंच नाही. त्यावर अख्खे पान दिसावे म्हटले तर अक्षरे मुंगीएवढी होतात; अक्षरे मोठी करावीत तर अर्धे पान नजरेआड जाते. लॅपटॉप हे आडवे टेबल आहे आणि पुस्तक ही उभी वस्तू आहे, हे मला वापरूनच कळले.

तरीपण पंधरवड्याअखेर वही चाळून पाहिली, तेव्हा मान खाली घालावी लागली. पंधरा संध्याकाळींपैकी चार वाचनात गेल्या, दोन निबंधांत गेल्या, आणि उरलेल्या नऊ संध्याकाळी मी क्रिकेटचे जुने सामने पाहिले. जे यंत्र वाचनासाठी म्हणून हातात घेतले, त्यानेच वाचनाचा वेळ खाल्ला होता. सामने पाहण्यासाठी तीस हजार रुपये खर्च करण्याइतकी आमच्या घराची मिळकत नाही. मी वहीच्या शेवटी ‘नको’ असा स्वच्छ निकाल लिहिला, पत्नीला वाचून दाखवला, आणि तो टॅब्लेट सोमवारी परत करायचा असे ठरवून पिशवीत टाकला. तो शनिवार होता, आणि मला आईला भेटायला सांगलीला जायचे होते.

साताऱ्याहून रेल्वेने निघाले, की सुमारे तीन तासांत सांगली येते. कोरेगाव, रहिमतपूर, कऱ्हाड अशी स्थानके मागे टाकीत गाडी किर्लोस्करवाडीला येते. 1920 साली येथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली आणि 1930 साली ‘स्त्री’ मासिक सुरू झाले. आई लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीला आली ती 1962 साली. त्याच्या दोनच वर्षे आधीपर्यंत सांगली जिल्हा दक्षिण सातारा या नावाने ओळखला जात होता. त्यामुळे आपण सासरी आलो तरी साताऱ्यातच आलो, असे ती गमतीने म्हणत असे. सासरी आल्यावर तिने जी दोन-तीन व्यसने जडवून घेतली, त्यांतले ‘स्त्री’ हे एक. अंक न चुकता वाचायचे, वर्षाअखेरीस ते सुताने शिवून घ्यायचे आणि माजघरातल्या कपाटात लावून ठेवायचे, हा तिचा परिपाठ.

आमचे घर गावभागात, नदीपासून फार लांब नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आमच्या माजघरात छातीइतके पाणी आठवडाभर उभे होते. त्याच पुराने सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयाचीही हजारो पुस्तके भिजवून नेली. तिथे आमच्या एका कपाटाची काय कथा! पाणी ओसरल्यावर ‘स्त्री’चे शिवलेले अंक हाताने उचलले, तेव्हा ते विटांसारखे जड आणि लगद्यासारखे मऊ लागले. आई काही बोलली नाही. तिने कपाट धुऊन घेतले आणि त्यात डबे ठेवले.

त्यानंतर काही वर्षांतच तिचे डोळे गेले. गेले म्हणजे आंधळी झाली असे नव्हे. तिच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजला आहे. कडेचे दिसते, पण जिथे नजर रोखावी नेमके तिथेच धूसर होते. चष्मा बदलून यावर उपाय होत नाही. ती चालते, चहा करते, अंगणात कोण आले ते सांगते; वाचता मात्र येत नाही. भिंग घेऊन वर्तमानपत्राचे मथळे पाहते, आणि मग पत्र घडी करून ठेवते. पुतण्याने तिला पुस्तके वाचून दाखवणारे यंत्र ऐकवले होते. तिने चार दिवस ऐकले आणि म्हणाली, “चांगलं वाचतं रे, पण त्याच्या चालीनं चालावं लागतं. एखाद्या वाक्यापाशी मला थांबावंसं वाटतं, आणि ते आपलं पुढं जातं.” वाचन आणि श्रवण यांतला भेद इतक्या थोडक्यात सांगितलेला मी वर्गात कधी ऐकला नाही, आणि सांगितलाही नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी आई झोपाळ्यावर बसली होती. करमणूक म्हणून मी पिशवीतला टॅब्लेट काढला आणि त्यावर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची स्कॅन केलेली एक जुनी प्रत उघडून तिच्या हातात दिली. तिचे ते आवडते पुस्तक. दोन बोटांनी पान मोठे कसे करायचे, ते दाखवले. अक्षरे बोराएवढी झाली तेव्हा तिचा चेहरा उजळला, पण क्षणभरच. ओळ पडद्याबाहेर पळू लागली. पान उजवीकडून डावीकडे ओढावे, ओळ संपली की पुन्हा मागे आणावे, आणि तेवढ्यात खालची ओळ कोणती ते हरवावे. तीन ओळींनंतर तिने टॅब्लेट माझ्यापुढे धरला. “ओळ धरायला जावं तर पान पळतंय रे. राहू दे.”

मी ओशाळलो. परत घेता घेता सहज, केवळ काहीतरी दाखवावे म्हणून, मराठी विश्वकोशाचे पान उघडले आणि त्यातली कृष्णा नदीवरची नोंद काढली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला उभारलेला हा ग्रंथ. त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला, आणि वीस खंडांचे ते कपाट आता कोणालाही घरबसल्या पाहता येते. मी अक्षरे वाढवली. ती बोराएवढी झाली, पण या वेळी एकही ओळ बाहेर गेली नाही. शब्द आपोआप खाली सरकले, ओळी आखूड झाल्या, आणि मजकूर पडद्याच्या रुंदीत नीट बसला.

यात जादू काही नाही. स्कॅन केलेले पान हे पानाचे छायाचित्र असते. यंत्राच्या लेखी तिथे अक्षरे नसतात, काळे डाग असतात. छायाचित्र वाढवले की ते चौकटीबाहेर जाणारच. टंकलेल्या मजकुरात मात्र प्रत्येक अक्षराचे घटक आपापल्या ठरलेल्या क्रमांकाने नोंदलेले असतात. 1991 साली युनिकोडमध्ये देवनागरीला तसे क्रमांक मिळाले. त्यामुळे आकार कितीही बदलला, तरी यंत्र शब्द ओळखते आणि ओळी नव्याने मांडते. मला हे ठाऊक होते. अडलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याचे मोल किती, हे मात्र ठाऊक नव्हते.

आईने टॅब्लेट चेहऱ्याजवळ नेला, थोडा डावीकडे कलता केला, मान किंचित वळवली. डोळ्यांच्या ज्या कडेने दिसते, त्या कडेसमोर तिने अक्षरे आणली. लॅपटॉप असा कलता करता आला नसता. फोनवर एवढ्या अक्षराचे दोनच शब्द मावले असते. मग ती वाचू लागली, आधी मनात, मग हलक्या आवाजात. महाबळेश्वर, वाई, माहुली, कऱ्हाड. तिच्या माहेरापासून सासरापर्यंतची नदी ती अर्धा तास वाचत होती. स्वयंपाकघरातून वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि आत न येता तशाच परत गेल्या. दोन वर्षांत आईने पुरे केलेले ते पहिले पान होते.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “माहिती पुष्कळ आहे रे यात. पण माणसं नाहीत. माणसांचं काही असेल तर बघ.”

मी स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांची नावे सांगू लागलो. विकिस्रोतावर हौशी मंडळी अशी पुस्तके टंकून ठेवतात, तीही दाखवली. ती ऐकत होती, पण तिची नजर तुळईकडे होती. तिथे लोखंडी तारेला खोचलेली पत्रे लोंबत होती. पूर्वी प्रत्येक घरात अशी एक तार असे. आमच्या घरात ती अजून आहे. पूर छातीपर्यंत आला आणि तार उंच होती, म्हणून वाचली. तिच्यावर माझ्या आजीने साताऱ्याहून, मंगळवार तळ्याजवळच्या घरातून, लेकीला वीस वर्षे धाडलेली पोस्टकार्डे आहेत. आई म्हणाली, “ती वाचता आली असती तर बरं झालं असतं. वहिनी बिचारी वाचून दाखवते, पण आईचं पत्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही.”

त्या रात्री दादाने ती तार उतरवली. पोस्टकार्डे मोजली, ती 212 भरली. पुतण्याने एकेकाची दोन्ही अंगे फोनने टिपली. आजीचे अक्षर बारीक. कार्डाचा दमडीइतकाही भाग कोरा सोडायचा नाही, असा तिचा बाणा. पत्त्याच्या बाजूलाही काठाकाठाने मजकूर. ही छायाचित्रे आईच्या उपयोगाची नव्हती. कोणीतरी ती टंकणे भाग होते, आणि ते काम काचेच्या पाटीवर होण्यासारखे नव्हते.

सोमवारी मी सहकाऱ्याचा टॅब्लेट परत केला. मंगळवारी साताऱ्याच्या बाजारात जाऊन नवा घेतला. दुकानदार मला लेखणी, कळफलक, जास्तीची साठवण असे काही काही दाखवत होता. त्यांतले काहीच घेतले नाही. पडदा अकरा इंची असावा, हातात धरून मनगट दुखू नये इतका हलका असावा, आणि मराठी अक्षर किती मोठे होते, एवढेच पाहिले. घरी आल्यावर पत्नीने पिशवीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी सारी हकीकत सांगितली. ती म्हणाली, “मग हे मला आधी का नाही सांगितलं?” मला तरी आधी कुठे ठाऊक होते! माझ्या वहीत तिन्ही गरजा माझ्याच होत्या.

टॅब्लेट सांगलीला असतो आणि लॅपटॉप साताऱ्याला. रोज रात्री जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडतो. आडव्या पडद्याच्या डाव्या अंगाला पोस्टकार्डाचे छायाचित्र, उजव्या अंगाला कोरे पान. पुस्तकाला जो आडवेपणा नडला, तो या कामाला सोयीचा पडतो. एक कार्ड टंकायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. डिसेंबर 1967 मधल्या कार्डात कोयनेच्या भूकंपाची पहाट आहे. फळीवरची पितळी भांडी कशी खाली आली ते सांगून आजीने लगेच पुढच्या ओळीत लोणच्याची बरणी शाबूत असल्याचे कळवले आहे. दुष्काळातल्या एका कार्डात रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरीवर सविस्तर तक्रार आहे. एका कार्डात माझ्या जावळाचा उल्लेख आला, तेव्हा मी थोडा वेळ थांबलो. टंकून झाले, की मजकूर पाठवून देतो. सकाळी चहानंतर आई झोपाळ्यावर बसून तो वाचते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी साताऱ्याहून सांगलीला गेलेली पत्रे पुन्हा त्याच वाटेने जात आहेत. आता फक्त टपालखाते मी आहे.

कोणी मला विचारले, की लॅपटॉप असताना टॅब्लेट घ्यावा काय, तर मी एवढेच म्हणेन, की पंधरा दिवस कोणाचा तरी मागून आणा आणि तो आपल्याच हातात ठेवू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन पाहा. एकट्यापुरते पाहिले, तर बहुधा लॅपटॉप पुरतो.

आरंभी आईच्या पडद्यावर मी 28 पॉइंटाचे अक्षर लावून दिले होते. संक्रांतीला गेलो तेव्हा ते 36 झालेले होते. मी काही विचारले नाही. काल वहिनींचा फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, की आईंनी काल पुतण्याकडून अक्षर आणखी एक पायरी मोठे करून घेतले. अजून 138 कार्डे उरली आहेत. कालपासून मी रोज दोन टंकू लागलो आहे.